मागच्या गल्लीवरचा कठडा

नोलीन कुठल्याही इमारतीत शिरायच्या आधी समोरच्या फुटपाथवर उभी राहून ती इमारत वरपासून खालपर्यंत बघून घ्यायची. विटांची धुराडी, सज्जे, दुकानाची जड पाटी, जे जे म्हणून खाली येऊ शकतं ते तिला सगळ्यात आधी दिसायचं. बँकेत जाताना, दाताच्या डॉक्टरकडे जाताना, एकदा तर भाचीच्या लग्नाला चर्चमध्ये जातानासुद्धा. वेलिंग्टनमध्ये राहून हे करायचं ठरवलं तर माणसाला दिवसभर दुसरं कामच उरणार नाही, असं तिचा नवरा रेवी म्हणायचा. पण म्हणायचा हळू आवाजात, आणि तिचं बघून होईपर्यंत शेजारी थांबायचा.

ती मूळची ख्राइस्टचर्चची. तिथे विटांच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, तिचं आणि एव्हिस नावाच्या मैत्रिणीचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मोठा भूकंप झाला तेव्हा दोघी दुकानातच होत्या. इमारतीची दर्शनी भिंत रस्त्यावर कोसळली. नोलीन कापड बेतायच्या टेबलाखाली होती म्हणून वाचली. एव्हिस दाराबाहेर पडली होती. नोलीन एवढंच सांगायची. पुढचं तिने कधी कुणाला सांगितलं नाही, आणि विचारणारेही तिथेच थांबायचे.

महिन्याभराने ती बहिणीकडे राहायला म्हणून बोटीने वेलिंग्टनला निघाली. शिलाई मशीन मांडीवर घेऊन ती बाकावर ताठ बसली होती. बोटीवर काम करणारा एक दणकट माओरी माणूस दोनदा तिच्यासमोरून गेला, तिसऱ्यांदा चहा घेऊन आला.

"बाई, मशीन खाली ठेवा. मी लक्ष ठेवतो त्याच्यावर."

"बोट हलतेय," नोलीन म्हणाली.

"बोटीने हललंच पाहिजे. हलायची थांबली की मी घाबरतो."

तो रेवी. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती, तो अठ्ठावन्नचा.

रेवीचं घर रोझनीथच्या डोंगरावर होतं, लाकडी, हलकं, जुनं. रस्त्यापासून घरापर्यंत एकशे सतरा पायऱ्या. त्या घरात नोलीनला झोप लागायची. लाकडी घर हलतं, कुरकुरतं, पण अंगावर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी पलंगाखाली बूट आणि दाराशी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी असायचीच.

सहा वर्षं बरी गेली. मग रेवीला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, डावा पाय मात्र परत आला नाही. दवाखान्यातून चार जणांनी त्याला खुर्चीत बसवून त्या पायऱ्यांवरून वर आणलं, आणि त्यानंतर चार महिने तो खाली उतरला नाही. खिडकीत दुर्बीण घेऊन तो आपल्याच बोटीच्या वेळा तपासत बसायचा. "अकरा मिनिटं उशीर. मी असतो तर झाला नसता," असं म्हणायचा. नोलीन हसायची. त्याचं वजन उतरत चाललं होतं हे दोघांनाही दिसत होतं.

एके दिवशी ती कामावरून परतली तर तो अर्ध्या वाटेवर, त्रेसष्टाव्या पायरीवर बसलेला. काठी खाली कुठेतरी घरंगळलेली. एकट्याने उतरून बघावं म्हणून तो निघाला होता आणि मध्येच त्याला ना खाली जाता येईना, ना वर. दोन तास दक्षिण ध्रुवाकडून येणाऱ्या गार वाऱ्यात बसून त्याचे ओठ निळे पडले होते.

नेहमीसारखा तो विनोद करेल म्हणून ती थांबली. त्याने केला नाही.

"नोलीन, मी इथे मरणार," तो म्हणाला. "आजाराने नाही. या पायऱ्यांनी."

म्हणून घर विकायचं ठरलं. घर लगेच गेलं. तरुण जोडप्याने घेतलं, त्यांना पायऱ्यांचं कौतुक होतं. ताबा द्यायला दहा आठवडे होते. आणि आता सपाट जागेवर, लिफ्टच्या इमारतीत, दवाखान्याजवळ घर बघायचं होतं. वेलिंग्टनमध्ये सपाट जागा म्हणजे खाली शहरात, 'ते आरो' नावाच्या भागात, जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि जमीन मऊ आहे. नवीन इमारतींतले फ्लॅट त्यांच्या आवाक्याबाहेरचे. जुन्यांपैकी कितीतरींच्या दारावर भूकंपात धोक्याची म्हणून नोटीस चिकटवलेली. नोलीन संध्याकाळी एकेका इमारतीसमोर उभी राहायची आणि घरी येऊन यादीतलं नाव खोडायची. सातव्या आठवड्यात यादीत एकच नाव उरलं. हॉथडेल कोर्ट, एकोणीसशे सदतीस सालची, काँक्रीटची, पाच मजली.

रविवारी फ्लॅट बघायला खुला होता. शेजारच्या पोरांनी रेवीला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून खाली उतरवलं. एजंट कॉरिन दारात उभी होती, लाल चष्म्याची, घाईतली.

"या, या! तिसरा मजला, पुढच्या बाजूचा. मजबुतीकरण पूर्ण झालंय हं, आधीच सांगते."

"पूर्ण म्हणजे किती टक्के?" नोलीनने विचारलं.

"सत्तर. नव्या इमारतीच्या ताकदीच्या मानाने. सदुसष्टच्या वर म्हणजे चांगलं समजतात."

"माहीत आहे मला. कागद आहे?"

"आहे की." कॉरिनने रेवीकडे बघून हसून म्हटलं, "बाईंना घर घ्यायचंय की परीक्षा?"

"परीक्षा झाली की घर," रेवी म्हणाला. "माझी दोन वर्षं चालली होती."

नोलीनने भिंतींवर बोटं वाजवून पाहिली. जिना किती पावलांवर आहे ते मोजलं. बाकीची मंडळी स्वयंपाकघराच्या फरश्यांबद्दल बोलत होती तेव्हा ती खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होती. तिच्या तळहातांना घाम फुटला होता. या खोलीत, रस्त्यापासून तीन मजले वर, डोक्यावर आणखी दोन मजल्यांचं ओझं घेऊन झोपायचं होतं.

मग तिने वळून पाहिलं. रेवी खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. खाली कॉफीवाल्याच्या टपरीशी कुणी ओळखीचा निघाला होता आणि रेवी ओरडत होता, "अरे, तू जिवंत आहेस अजून?" खालून काहीतरी शिवीवजा उत्तर आलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्याने बाहेरच्या माणसाशी ओरडून गप्पा मारल्या होत्या.

"काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

"बघू," ती म्हणाली. ती जिन्याने खाली आली. तो लिफ्टने तिच्या आधी खाली पोचला होता.

त्यांनी अटींसह बोली लावली आणि ती मान्य झाली. कागदपत्रं तपासायला तीन आठवडे मिळाले. वकील म्हणाला, सोसायटीच्या गेल्या दोन वर्षांच्या मीटिंगांची इतिवृत्तं वाचली तरी पुरे. नोलीनने दहा वर्षांची मागवली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून सगळी वाचली. लिफ्टचं तेल, कबुतरं, सायकली कुठे ठेवायच्या यावरचं भांडण. सहा वर्षांपूर्वीच्या एका पानावर एक ओळ होती: 'गच्चीच्या कडेचा विटांचा कठडा: दर्शनी बाजूचा काढला. मागच्या बाजूचा निधी उपलब्ध झाल्यावर.' पुढच्या वर्षी तीच ओळ. त्याच्या पुढच्या वर्षी 'विषय पुढे ढकलला.' मग तो विषयच नाही.

तिने ते पान रेवीपुढे धरलं. त्याने तिचं मनगट धरून ते वाचलं.

इंजिनिअर मालिया मूळची सामोआ बेटांवरची होती, पस्तिशीची, उंच, मोठ्याने हसणारी. तिच्या मागोमाग नोलीन गच्चीवर गेली, एक हात सतत भिंतीला लावून. वारा असा होता की बोललेलं उडून जात होतं. मागच्या कडेला छातीइतका उंच विटांचा कठडा होता, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मालियाने खिशातून किल्ली काढली आणि दोन विटांमधल्या सांध्यावर फिरवली. चुना वाळूसारखा झरला.

"आंटी, इमारतीचा सांगाडा चांगला आहे, खोटं सांगत नाही. माझ्या आईला मी इथे ठेवीन," ती म्हणाली. "पण हा कठडा कशालाच धरून नाहीये. नुसता स्वतःच्या वजनावर उभा आहे."

"पडला तर कुठे पडेल?"

मालियाने खाली बोट दाखवलं. नोलीनला कडेशी जाववेना. ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत गेली. मालियाने तिचा कोट मागून मुठीत धरून ठेवला. खाली अरुंद गल्ली होती, कचऱ्याचे डबे, वाळत घातलेले टॉवेल, आणि इमारतीचं मागचं दार. तेवढ्यात त्या दारातून एक म्हातारी बाई पिशवी घेऊन बाहेर आली, डब्याचं झाकण उचललं, पिशवी टाकली आणि कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडे बघत उभी राहिली.

"अहो, आत जा!" नोलीन ओरडली. वाऱ्याने ते तिकडे पोचू दिलं नाही.

घरी आल्यावर नवराबायकोचं भांडण झालं. सहा वर्षांत असं झालं नव्हतं.

"तूच म्हणतेस इमारत चांगली आहे," रेवी म्हणाला. "मग मागच्या दाराने जायचं नाही. झालं!"

"घाबरलेला माणूस दार निवडत नसतो, रेवी. जे जवळ असतं त्यातून पळतो."

"मी पळणार आहे का? या पायाने?"

"तुझं नाही म्हणत मी."

"मग कुणाचं म्हणतेस? त्या सोळा फ्लॅटवाल्यांचं? ते राहतायत की सुखाने! दोन आठवड्यांनी आपल्याला डोक्यावर छप्पर नाही, आणि तुला परक्या लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांची काळजी!"

ती उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि अंधार करून बसली. फ्लॅट सोडून द्यावा असं तिला मनापासून वाटत होतं. पण डोळे मिटले की त्रेसष्टावी पायरी दिसायची, उघडले की ती गल्ली. कुठल्याच बाजूला सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने कॉरिनला फोन केला. मागचा कठडा काढायचं लेखी मिळालं तर घर घेते, म्हणाली.

"अहो बाई, कठडा काय विकणाऱ्याच्या एकट्याचा आहे? सगळ्या सोसायटीचा आहे. त्यांची मीटिंग, त्यांची मतं. आणि आणखी एक जण तयार बसलाय, त्याला कठड्याशी काही देणंघेणं नाही."

"मीटिंग कधी आहे?"

"गुरुवारी. पण तुम्ही मालक नाही, तुम्हाला कोण बोलावणार?"

ज्या म्हातारीवर नोलीन गच्चीतून ओरडली होती तिनेच बोलावलं. ती कलिओपीबाई, सोसायटीची अध्यक्ष, चौऱ्याऐंशी वर्षांची. ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरून नवी नवरी म्हणून आली ती याच इमारतीत. नोलीनने तिचं दार वाजवलं तेव्हा तिने आधी तिळाची बिस्किटं पुढे केली, मग ऐकून घेतलं.

"सहा वर्षं मी हेच म्हणतेय," ती म्हणाली. "म्हातारीचं कोण ऐकतंय? तू ये, पोरी. तू बाहेरची आहेस, तुझं कदाचित ऐकतील."

"मला चारचौघांत बोलता येत नाही."

"मग घाबरत घाबरत बोल. आम्ही थांबू."

मीटिंग तळमजल्यावर कपडे धुण्याच्या खोलीत होती. दहा-बारा माणसं खुर्च्यांवर, दोघं मशीनवर टेकलेली. रेवी दाराशी काठीवर हात ठेवून बसला. शेजारच्या पोरांनी पुन्हा खाली उतरवल्यावर तो आला होता खरा, पण मोटारीत तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. समोर गॅरथ नावाचा मालक होता. त्याचे चार फ्लॅट, चारही विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेले.

"ऐंशी वर्षं तो कठडा उभा आहे," गॅरथ म्हणाला. "दोन हजार सोळाच्या धक्क्यातही हलला नाही. आणि आता अजून घरही न घेतलेल्या एक बाई येऊन सांगणार, काढा म्हणून?"

"बोलू दे तिला," कलिओपीबाई म्हणाली.

नोलीन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने कागदावर लिहून आणलं होतं. विटांचं वजन, मालियाचा रिपोर्ट. पण कागद तिला वाचताच येईना, अक्षरं उड्या मारत होती. खोलीला एकच दार होतं, आणि दाराबाहेर डाव्या हाताला ते मागचं दार. तिचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

"ख्राइस्टचर्चला माझं दुकान होतं," ती म्हणाली. "मी आणि एव्हिस. भूकंप झाला तेव्हा एव्हिस टेबलाजवळ होती. मी दाराजवळ होते."

रेवीने मान वर केली. त्याला उलटं माहीत होतं.

"एव्हिस जागच्या जागी खिळली होती. तिला काही सुचत नव्हतं. मी ओरडले, बाहेर पळ, एव्हिस, बाहेर! तिने माझं ऐकलं. माझ्या अंगावरून गेली ती. मीही तिच्या मागे निघाले होते, पण कापडाच्या गठ्ठ्याला पाय अडकून पडले आणि टेबलाखाली घसरले. भिंत पडली. आमच्या दुकानाचं छत पडलं नाही. आतलं काहीच पडलं नाही. तिथे टेबलाजवळ खिळून उभी राहिली असती तर आज ती जिवंत असती."

एका मशीनमध्ये कुणाचे तरी कपडे फिरत होते, तेवढाच आवाज.

"म्हणून मला तुमच्या इमारतीची भीती वाटत नाही," नोलीन म्हणाली. "म्हणजे वाटते. सगळ्याच इमारतींची वाटते. पण त्या दाराची जास्त वाटते. घाबरून पळताना तुमच्यातलं कुणीतरी दुसऱ्याला म्हणेल, इकडून चल. प्रेमानेच म्हणेल."

ती बसली. मतं घ्यायला पाच मिनिटं लागली. गॅरथची चार आणि आणखी दोन विरोधात, आठ बाजूने. कठडा काढायचा ठरला. गवंड्यांची माणसं सप्टेंबरच्या आधी मोकळी नव्हती. तोवर मागचं दार वापरायचं नाही, असंही ठरलं.

मोटारीत बसल्यावर रेवीने काठी मागच्या सीटवर टाकली.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "माझ्या शेजारी झोपून सहा वर्षं हे पोटात ठेवलंस?"

"तुला कळलं असतं तर तू..."

"मी काय? नोलीन, मी काय केलं असतं?"

त्याने आपला हात तिच्या मानेवर ठेवला आणि ती रडेपर्यंत काढला नाही.

जूनमध्ये ते हॉथडेलमध्ये राहायला गेले. रेवी रोज सकाळी लिफ्टने खाली जायचा, टपरीवर कॉफी घ्यायचा, दोन ओळखीची माणसं गाठून तासाभराने वर यायचा. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. नोलीनचा गेला. जड ट्रक गेला तरी ती भिंत धरायची. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की ती घास खाली ठेवून वर बघायची. मागच्या दारावर कलिओपीबाईने मोठ्या लाल अक्षरांत कागद चिकटवला होता. विद्यार्थी तो बाजूला सारून खुशाल कचरा टाकायला जायचे. एकदा नोलीनने एकाला अडवलं.

"वाचता येत नाही का?"

"दोन सेकंदांचं काम आहे हो, काकू," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी, सकाळी पावणेदहा वाजता, नोलीन टेबलाशी बसून एका पँटची शिवण उसवत होती. आधी आवाज आला, गल्लीतून बस घुसावी तसा. कपाटातल्या बशा बोलायला लागल्या. मग जमीन बाजूला सरकली.

काय करायचं ते तिच्या अंगाला पाठ होतं. ती टेबलाखाली गेलीच होती. तिथून तिला रेवी दिसला. खिडकीजवळच्या खुर्चीत, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून, उठायची धडपड करत. उठता येत नव्हतं.

"तू तिथेच थांब!" तो ओरडला. "बाहेर येऊ नकोस!"

ती बाहेर आली. जमीन पायाखालून जात होती. ती पडली, पुन्हा उठली, सोफ्यावरची उशी ओढली, खुर्ची खिडकीपासून मागे खेचली आणि उशी त्याच्या डोक्यावर दाबून त्याच्या अंगावर पालथी पडली. इमारत किंचाळत होती, खरोखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी. काहीतरी फुटलं. मागच्या बाजूने धडाड धडाड असा आवाज आला, एकामागून एक. नोलीन ओरडत होती हे तिला नंतर रेवीने सांगितलं. एकच शब्द ओरडत होती म्हणे. "थांब! थांब! थांब!" जमिनीला, रेवीला की एव्हिसला, ते तिलाही सांगता आलं नाही.

मग थांबलं. रस्ताभर गाड्यांचे भोंगे सुरू झाले.

"जिवंत आहेस का?" उशीखालून रेवी म्हणाला. "असशील तर जरा उठ. श्वास घेता येत नाहीये."

जिन्यात पावलांचा धडधडाट सुरू होता. सगळे खाली पळत होते. नोलीनला एकदम आठवलं, जिना संपतो तिथून जवळ पडतं ते मागचंच दार.

"जा," रेवी म्हणाला. "मी कुठे जातोय? जा तू."

ती भिंतीला हात लावत उतरली. दुसऱ्या मजल्यापर्यंत आली तोच खालून आवाज ऐकू आला.

"मागून नाही! पुढून! गाढवांनो, ऐकू येत नाही का? पुढून!"

कलिओपीबाई मागच्या दाराला पाठ लावून उभी होती. पायात सपाता, अंगात घरातला झगा, दोन्ही हात फाकून, एका हातात झाडू. तिच्यासमोर विद्यार्थी दाटीवाटीने अडकले होते. एक जण तर नुसता टॉवेल गुंडाळून. ज्याला नोलीनने अडवलं होतं तोही होता. "सरका हो आजी!" तो रडकुंडीला येऊन म्हणत होता. तिने झाडूचा दांडा त्याच्या छातीला लावला. त्याच क्षणी दाराबाहेर आणखी एक धडाका झाला आणि दाराच्या फटीतून लाल धूळ आत आली. मुलगा मागे सरला. मग ते सगळे वळले आणि पुढच्या दाराने रस्त्यावर गेले.

म्हातारी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. नोलीन तिच्याजवळ बसली, आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरून ठेवले, कारण धक्के अजून येत होते, छोटे, पण येत होते.

"मलाही तिकडूनच जायचं होतं," कलिओपीबाई म्हणाली. "हात कडीवर होता माझा. साठ वर्षांची सवय. तेव्हा तुझं ते आठवलं."

दुपारी गल्लीत बघितलं तर कठड्याचा अर्ध्याहून जास्त भाग खाली होता. कचऱ्याचे दोन डबे विटांखाली चपटे झालेले. वाळत घातलेला एक टॉवेल ढिगातून बाहेर लोंबत होता. संध्याकाळी गॅरथ आला, ढिगाकडे बघून म्हणाला, "वारा जोराचा असता तरी पडला असताच." मग त्याने कोट काढला आणि विटा उचलायला लागला.

मालियाने दोन दिवसांनी इमारत तपासली. सांगाड्याला काही झालं नव्हतं. उरलेला कठडा त्याच आठवड्यात उतरवला. लिफ्ट मात्र नऊ दिवस बंद होती, तेवढे दिवस रेवी तिसऱ्या मजल्यावर अडकला. टपरीवाला दोरीला बांधून कॉफी वर पाठवायचा. अर्धी खिडकीपर्यंत पोचायची, अर्धी खालच्यांच्या डोक्यावर.

त्या नऊ दिवसांत नोलीन धड झोपली नाही. हादरे येतच होते. एव्हिसबद्दल ती आता बोलायची, रेवीशी, कधी कलिओपीबाईशीही, पण त्यामुळे भीती कमी झाली असं काही झालं नाही. हात धुताना, चहा ओतताना ती मध्येच थांबून कान द्यायची.

"विकायचा का?" दहाव्या दिवशी रेवीने विचारलं. तो खाली जायला निघाला होता, टोपी डोक्यावर, काठी हातात. "खरं सांग. तुझ्याच्याने होत नसेल तर विकू. दुसरीकडे बघू."

खाली रस्त्यावर बस थांबली, पुन्हा सुटली. नोलीन दचकली, आणि त्याने बघितलं की ती दचकली.

"मला इथे भीती वाटते," ती म्हणाली. "तिथे वर, त्या पायऱ्यांवर, तुझ्यासाठी वाटायची. त्यापेक्षा ही बरी."

"हे उत्तर झालं का?"

"आज एवढंच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा विचार."

त्याने मान हलवली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिने उसवलेली पँट पुन्हा हातात घेतली. गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं.